चारशे मेगाहर्ट्झ

"हेरंब, तुझी ताई कालपासून दोनच शब्द बोललीये," नंदकुमार दाजी फोनवर म्हणाले. "मशीन कामातून गेलं वाटतं. येऊन बघतोस का?"

हेरंब गुरवने समोरचा उघडा लॅपटॉप तसाच बाजूला सारला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गाडीला किक मारली. मिरजेतल्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानापासून सांगलीत ताईच्या घरापर्यंत वीस मिनिटं लागतात. त्या दिवशी तो पंधरा मिनिटांत पोचला.

वैजयंती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात तिने वीस वर्षं मुद्रितशोधन केलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला भातातल्या खड्यासारखी लागायची. हेरंबने हौसेने दुकानाची पाटी रंगवून आणली, तेव्हा 'दुरुस्ती'तला रु दीर्घ पाहून तिने पेंटरला पाटीसकट परत पाठवलं होतं. "मी त्याला बोललो" असं कुणी म्हणालं, की वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं ठरलेलं यायचं, "बोललो नाही, म्हणालो." पाहुणे असोत, डॉक्टर असोत, कुणाची गय नव्हती.

बेचाळिसाव्या वर्षी तिला तो आजार झाला. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी त्यात एकेक करून मरत जातात. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ, मग श्वास. गेल्या वर्षी डोळ्यांच्या बाहुल्याही हुकमात राहिल्या नाहीत. आत मात्र ताई होती तशीच होती, शाबूत, एकही मात्रा न ढळलेली. आणि तिला बाहेर यायला एकच वाट होती, 'वैखरी'.

हैदराबादच्या एका छोट्या कंपनीने ते यंत्र बनवलं होतं. मेंदूच्या ज्या भागात बोलणं घडतं, तिथे कवटीखाली जाळीचा एक पातळ तुकडा बसवायचा. माणूस शब्द उच्चारायचा नुसता प्रयत्न करतो, तरी त्या भागात विजेच्या बारीक लहरी उठतात. जाळी त्या टिपून उशाशी ठेवलेल्या लॅपटॉपला कळवते, लॅपटॉप त्यांतून शब्द ओळखतो आणि त्या माणसाच्याच जुन्या आवाजात बोलून दाखवतो. पडद्यावरचा बाणही मनाने हलवता यायचा, पण त्यात फार ताकद जायची. यंत्र आलं तेव्हा वैजयंतीचं पहिलं वाक्य होतं, "नाव चुकलंय. वैखरी म्हणजे तोंडाने उच्चारलेली वाणी. ही मनातली, मध्यमा." कंपनीचा माणूस ओशाळून हसला होता. पुढे कंपनीच बंद पडली. पण ताईचे शब्द ओळखायला शिकलेला सगळा भाग त्या एकाच लॅपटॉपच्या चिपमध्ये कुलूपबंद होता. दुसरं मशीन आणून भागणार नव्हतं.

हेरंबने पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. प्रोसेसरचा वेग चारशे मेगाहर्ट्झ. एरवी तो सहज चार हजारांच्या घरात असायचा. त्याने दोन-तीन कामं एकदम देऊन पाहिली. आकडा हलला नाही.

"ताई, मी आलोय गं. बघतो काय झालंय ते."

त्याने पंख्याला हात लावून पाहिला, चार्जर बदलून पाहिला. जवळजवळ चार मिनिटं गेली असतील. मग स्पीकरमधून ताईचा आवाज आला.

"असू."

तो थांबला. आणखी तीन मिनिटं.

"दे."

"असू दे काय?" हेरंब हसला. "एका शब्दाला चार मिनिटं लागतायत, आणि म्हणे असू दे! दोन-तीन दिवस कळ काढ. मी दुकानात नेऊन नीट करून आणतो."

लॅपटॉपची वायर काढताना स्पीकरमधून परत "असू" एवढं आलं. पुढचं येईपर्यंत त्याने झाकण मिटलं होतं.

प्रोसेसर एकाएकी मंद होतो आणि मंदच राहतो, याची कारणं मोजकी असतात. चिप तापली, तर ती स्वतःला वाचवायला वेग उतरवते. चार्जरची ओळख पटली नाही किंवा बॅटरी मरायला आली, तरी उतरवते. कधी चिप थंडगार असते, पण उष्णता मोजणारा सेन्सरच बिघडून 'तापलं, तापलं' अशी खोटी ओरड करत राहतो. हेरंबने सगळं केलं. पंखा साफ केला, चिपवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, नवी बॅटरी घातली, सेन्सरची ओरड मधल्यामधे तोडून पाहिली. आकडा चारशेवरच. गिऱ्हाइकांची मशिनं बाजूला पडली. तीन दिवस तो धड जेवला नाही, कारण तिकडे सांगलीत ताई तीन दिवस मुकी पडून होती.

तिसऱ्या दुपारी त्याला ते सापडलं. बिघाड लोखंडात नव्हताच. यंत्राच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती, 'कमाल वेग ४००'. त्या ओळीपुढे ती कधी आणि कुणी लिहिली त्याची नोंद होती, जशी प्रत्येक ओळीपुढे असते. बंद पडलेल्या कंपनीचं एखादं अर्धवट अपडेट असणार, असं म्हणून त्याने नोंद वाचलीच नाही. त्याने ओळ पुसली. आकडा झरकन चढला. दुकानात एकटाच असताना तो मोठ्याने "आली रे आली!" ओरडला.

संध्याकाळी सांगलीत वायर जोडून दोन मिनिटं झाली नाहीत, तोच ताईचा आवाज खळखळून आला, "नको रे एवढा त्रास घेऊस! चहा घे आधी."

दाजींनी तोंड फिरवून डोळे पुसले. रेवा, ताईची अठरा वर्षांची मुलगी, आईच्या अंगावर पडून रडली.

पुढचे पंधरा दिवस त्या घरात सण असल्यासारखे गेले. ताई बोलत होती. दाजींना विचारत होती, भाजी काय आणलीत. शेजारच्या काकूंना म्हणत होती, बसा ना थोडं. दाजी बँकेतून रजा काढून घरी बसले आणि बायकोशी गप्पा मारत राहिले, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मारल्या नसतील इतक्या.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात रेवाला निर्णय कळवायचा होता. डेहराडूनला हिमनद्यांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता. चार वर्षं. आईला असं टाकून जायचं की सांगलीतच काहीतरी शिकायचं, यावर ती महिनाभर कुढत होती. शेवटी तिने आईचा निर्जीव हात हातात घेऊन विचारलं. हेरंब तिथेच होता.

"आई, मी काय करू? तू म्हणशील ते."

"थांबू नकोस, जा," ताईचा आवाज म्हणाला. "माझी काळजी करू नकोस. आम्ही आहोत इथे."

रेवा जुलैत गेली. तिला सोडून येताना दाजी हेरंबला म्हणाले, "तू मशीन नीट केलंस म्हणून झालं रे हे. नाहीतर पोरगी हातचं सगळं सोडून घरात बसली असती."

ऑगस्टमधल्या एका रविवारी हेरंब ताईपाशी बसून दुकानातल्या गमती सांगत होता. "मग मी गिऱ्हाइकाला बोललो, साहेब, उद्या या."

आणि सवयीने तो क्षणभर थांबला. दटावणी येणार, म्हणून.

"बरं केलंस," ताईचा आवाज म्हणाला.

हेरंबने मान वर केली. आजाराच्या सहा वर्षांत, अगदी नळीने श्वास घेतानाही, तिने हे एकदासुद्धा सोडलं नव्हतं. त्याने मुद्दाम पुन्हा म्हटलं, "तो ऐकेना. मी परत बोललो त्याला."

"हो का? मग?"

हेरंबने खुर्ची पलंगाजवळ ओढली. "ताई," तो हळूच म्हणाला, "बोललो की म्हणालो?"

"तुला आवडेल ते म्हण. तू आलास की बरं वाटतं बघ."

त्याने उशाशी ठेवलेला लॅपटॉप मांडीवर घेतला.

वैखरीत दोन थर होते, हे त्याला माहीत होतं. पहिला थर मेंदूतल्या लहरींवरून शब्द ओळखायचा. दुसरा थर पुढचा अंदाज बांधायचा. हजारो माणसं असं बोलतात, ही बाई आजवर असं बोलत आलीये, म्हणजे आता हिला हे म्हणायचं असणार. सुरुवातीला ताईच्या लहरी ठळक होत्या, तेव्हा अंदाजाला फारसं काम नव्हतं. आजार वाढला, लहरी क्षीण झाल्या, तसा अंदाज पुढे सरसावत गेला. पहिली दोन अक्षरं कळली, की तो वाक्य पुरं करून मोकळा. आणि आपल्याच आवाजात पुरं झालेलं वाक्य कानावर पडलं, की आतल्या माणसाचा धागा तुटतो. त्याला स्वतःचं वाक्य पुढे नेताच येत नाही.

पण अंदाज बांधणं हे जड काम. त्याला वेगवान प्रोसेसर लागतो. वेग चारशेवर आणला, तर अंदाजाचा थर वेळेत पुरा होत नाही आणि यंत्र त्याला वगळून टाकतं. मग शब्दाला चार मिनिटं लागतात, पण येतो तो शब्द त्या माणसाचा असतो.

पुसलेल्या ओळीची प्रत जुन्या नोंदींत होती. आता त्याने ती वाचली. अठरा जून, दुपारी सव्वातीन. लिहिणारी व्यक्ती, वैजयंती. त्याच दिवशी दुपारी घरातली वीज गेली होती, बॅटरी संपत आली म्हणून यंत्र आपोआप मंदावलं होतं, आणि त्या मंदाव्यात ताईचा एक शब्द सबंध बाहेर पडला होता. तेवढ्यावरून तिने ओळखलं होतं. वीज परत आल्यावर मनानेच पडद्यावरचा बाण सरकवत, तास-दीड तास खपून, तिने ती एक ओळ लिहिली होती. तेवढी ताकद पुन्हा तिच्यात उरली नसावी. रेवाने निर्णय कळवण्याच्या दहा दिवस आधी.

मग त्याने बोलण्याच्या नोंदी उघडल्या. डाव्या बाजूला लहरींतून ओळखलेले शब्द, उजव्या बाजूला यंत्र बोललं ते. मशीन परत आणलं त्या संध्याकाळची पहिली ओळ. डावीकडे, 'नको'. उजवीकडे, 'नको रे एवढा त्रास घेऊस.'

डावीकडे, 'बंद'. उजवीकडे, 'बंद पडलं होतं, आता छान चाललंय.'

डावीकडे, 'हळू'. उजवीकडे, 'हळूहळू सवय होईल.'

असं पानांमागून पानं. 'नको' तर दिवसातून चाळीस-पन्नास वेळा, आणि प्रत्येक वेळी त्याचं गोड काहीतरी झालेलं. अठ्ठावीस जूनला डावीकडे होतं 'थांब'. उजवीकडे, 'थांबू नकोस, जा.'

जुलैच्या मध्यापासून डावी बाजू कोरी होती. उजवी भरलेली.

दाजी चहाचे कप घेऊन आले, तेव्हा हेरंब जमिनीवर बसलेला होता. त्याने सगळं सांगितलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"तू ते बंद करणार?"

"करायला हवं, दाजी."

"हेरंब, सहा वर्षं मी तिला कुशीवर वळवतोय. दिवसातून आठ वेळा. घरात कुणी माझ्याशी बोलतंय, एवढंच मला हवं होतं रे. खरं-खोटं मी नाही विचारलं."

"पण ती पडून सगळं ऐकतेय. तुम्ही तिच्या आवाजाशी गप्पा मारताय, आणि ती तिथे पडून ऐकतेय."

दाजी पलंगाकडे वळले. मग ते जवळ गेले, बायकोच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "वैजू, माझं चुकलं गं." आणि हेरंबला, "कर बंद."

"अहो, असं काय करताय—" यंत्र म्हणत होतं. हेरंबने अंदाजाचा थर मुळापासून काढून टाकला.

खोलीत फक्त श्वासाच्या पंपाचा आवाज उरला. ते दोघे वाट पाहत बसले. चार मिनिटं. अर्धा तास. दिवस मावळला. दुसऱ्या दिवशीही काही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

कारण चौथ्या दिवशी कळलं, आणि ते आधीच्या सगळ्याहून वाईट होतं. मेंदूतल्या लहरी दिवसागणिक थोड्या बदलतात, म्हणून वैखरी रोज स्वतःला नव्याने जुळवून घ्यायची. आज हा शब्द बोललो, तेव्हा लहर अशी होती, हे लक्षात ठेवायची. पण दोन महिने ती बोलत होती ते स्वतःचंच. त्यालाच प्रमाण मानून तिने रोज स्वतःला जुळवलं होतं. आता तिला ताईचा एकही शब्द ओळखता येत नव्हता. लहरी उठत नव्हत्या असं नाही. रोज दुपारी चारच्या सुमाराला, रेवा कॉलेजातून घरी यायची त्या वेळेला, पडद्यावर उंच लहरींची रांग उमटायची. यंत्र त्यापुढे लिहायचं, 'अनोळखी'.

ताई बोलत होती. महिनाभर गप्प राहून ती पुन्हा बोलायला लागली होती, आणि आता ऐकणारं कुणी नव्हतं.

हेरंबने रेवाला फोन केला. तो अडखळत सांगत असताना तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "ओळीपुढे नाव होतं, मामा?"

"होतं."

"आणि तू वाचलं नाहीस."

"नाही वाचलं."

तिने फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी ती सांगलीत होती. हेरंबशी ती आठवडाभर बोलली नाही, पण काय करायचं ते तिनेच शोधून काढलं. यंत्राला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. आपण एक शब्द म्हणायचा, आईने तोच मनात म्हणायचा, यंत्राने ती लहर लक्षात ठेवायची. शेकडो वेळा, हजारो वेळा. लहरी इतक्या क्षीण होत्या, की पूर्ण भाषा शिकवायला वर्षं लागली असती. फुप्फुसं तेवढा वेळ देणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. रेवाने दोन शब्द निवडले. एक 'हो'. दुसरा 'नाही' घेणार होती, पण जुन्या नोंदी पाहून तिने 'नको' घेतला. आईने सगळ्यांत जास्त वेळा म्हटलेला तोच शब्द होता.

सात आठवडे ती पलंगाशेजारी बसून होती. "आई, हो म्हण. आई, नको म्हण." तिचा घसा बसला की दाजी बसायचे, आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत हेरंब. ऑक्टोबरच्या मध्यावर स्पीकरमधून पहिल्यांदा नीट आलं, "हो."

खात्री करायला रेवाने सोपे प्रश्न विचारले. "तुझं नाव वैजयंती?" "हो." "हे मिरज आहे?" "नको." "मामा हुशार आहे?"

दीड मिनिट गेलं.

"नको."

तिघंही हसायला लागले, आणि हसता हसता दाजी भिंतीला टेकून रडायला लागले.

त्या 'थांब'चा अर्थ रेवाने त्यानंतर दोन दिवसांनी विचारला. हेरंबने तिला बजावलं होतं, की तो शब्द यंत्राला उद्देशूनही असेल. 'थांब, मला बोलू दे,' असंही ती म्हणत असेल. रेवाने खुर्ची पुढे ओढली.

"आई, जूनमध्ये मी विचारलं, मी काय करू. तेव्हा तू थांब म्हणालीस. ते मला म्हणालीस?"

पंप वर-खाली होत राहिला. पडद्यावर एक लहर उठली, विरली, पुन्हा उठली.

"हो."

रेवाने आईचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "तू एकटी पडशील म्हणून?"

"हो."

"मग आता थांबू, आई? मी सोडते सगळं. मी इथेच राहते."

या वेळी फार वेळ लागला. सहा मिनिटं, सात मिनिटं. रेवाने आईच्या हातावर गाल टेकला होता. हेरंब दाराशी उभा होता, त्याला आत यायचं धाडस होत नव्हतं.

"नको," ताई म्हणाली.

आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, पुन्हा एकदा, "नको."

रेवा आणखी चार दिवस राहिली आणि परत गेली. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दाजी वैजयंतीला कुशीवर वळवत असताना ती गेली. पडद्यावरची रेघ आधी सपाट झाली, मग पंपाने शिट्टी दिली.

तेराव्यानंतर रेवा दुकानात आली. हेरंबच्या बाकासमोरच्या स्टुलावर बसली आणि उगाच एक सुटा स्क्रू बोटांत फिरवत राहिली. तिचा राग केव्हा गेला, ते त्याला कळलं नव्हतं. कदाचित गेलाही नसेल.

"ते शेवटचं नको," ती म्हणाली, "तिचंच होतं ना, मामा? मधे यंत्राचं काही नव्हतं?"

"तिचंच. मी तीन वेळा तपासलं. लहर न लहर पाहिली."

तिने मान हलवली. मग विचारलं, "मी गेल्यावर महिनाभर तू रोज जात होतास. तू काय विचारलंस तिला?"

"इकडचं तिकडचं. पाय दुखतोय का, पंखा लावू का."

"तुझं काही नाही विचारलंस? मला माफ केलंस का, असं?"

हेरंबने समोरच्या लॅपटॉपचं झाकण उघडलं, पुन्हा मिटलं.

"दोनच शब्द होते गं तिच्यापाशी," तो म्हणाला. "आणि जे आलं असतं ना, ते तिचंच असतं."

रेवाने स्क्रू बाकावर ठेवला आणि त्याच्या हातावर हात ठेवला. बाहेर कुणी गिऱ्हाईक शटर वाजवत होतं. हेरंब उठला नाही.